दाखला, शिक्का आणि एकतीस गोल

पाऊस लागला की माझ्याकडं फुटबॉलची पत्रं वाढतात. यंदाही तसंच झालं. त्यातली पाच इथं घेतोय. पहिल्या पत्राला जास्त जागा देतो, कारण ते पत्र तीस वर्षांपूर्वी मीच कुणाला तरी लिहिलं असतं.

प्रश्न : काका, नंदगड भागात आमचं लहानसं मंडळ आहे, मी त्याचा सचिव. गेल्या महिन्यात आमच्या चौदा वर्षांखालच्या पोरांनी बेळगावात ११-० असा मार खाल्ला. आता गावात म्हणतात, वर्गणी कशाला घालायची, मंडळ बंद करा. एका पालकानं मोबाईलवर अमेरिकन सामोआ नावाच्या बेटाचा ३१-० चा निकाल दाखवला आणि म्हणाला, "हे बघा तुमचे भाऊबंद." त्या बेटावाल्यांनी पुढं काय केलं? बंद केलं काय? — एक सचिव, खानापूर तालुका

नाही केलं. दहा वर्षांनी त्यांनी टोंगाला २-१ असं हरवलं. पण तुम्ही सचिव आहात, म्हणून तुम्हाला गोलांच्या आधी कागदाची गोष्ट सांगतो. ते एकतीस गोल मैदानावर झाले, सामना मात्र त्याच्या आधीच टेबलावर गेला होता.

११ एप्रिल २००१. ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर गाव. २००२ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. अमेरिकन सामोआ म्हणजे प्रशांत महासागरातली पाच-सात बेटं, वस्ती तेव्हा सत्तावन्न हजारांच्या आसपास. त्यांची फुटबॉल संघटना फिफात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यांनी वीस जणांचा संघ निवडला, तयारी केली. मग फिफानं नियमावर बोट ठेवलं : अमेरिकेचा पासपोर्ट असेल तोच खेळेल. वीसातला एकच टिकला, गोलकीपर निकी सालापू. बाकी एकोणीस जण कागदावर बाद.

मग वीस वर्षांखालच्या पोरांना बोलवावं म्हटलं, तर बहुतेकांची शाळेची परीक्षा सुरू. शेवटी मिळतील ती पोरं गोळा केली. तिघं तर पंधरा वर्षांचे होते. सगळ्या संघाचं सरासरी वय अठरा. समोर ऑस्ट्रेलिया. त्यांनी दोनच दिवसांपूर्वी टोंगाला २२-० असं धुतलं होतं. मध्यंतराला १६-०, शेवटी ३१-०. आर्ची थॉम्पसन या एकट्यानं १३ गोल केले. आंतरराष्ट्रीय सामन्यात एकानं इतके गोल त्याआधी कधी केले नव्हते. त्या स्पर्धेत अमेरिकन सामोआनं फिजीकडून १३, सामोआकडून ८, ऑस्ट्रेलियाकडून ३१ आणि टोंगाकडून ५ असे सत्तावन्न गोल खाल्ले, केला एकही नाही.

आता हा पासपोर्टचा घोळ का झाला, ते आपल्या सीमाभागातल्या माणसाला जास्त समजावून सांगायला नको. सामोआ एकच होता. लोक एक, भाषा एक, नातीगोती एक. १८९९ मध्ये जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन या तिघांनी बसून करार केला. पश्चिमेकडची बेटं जर्मनीला गेली, पूर्वेकडची अमेरिकेला. पश्चिमेकडचा भाग पुढं न्यूझीलंडच्या ताब्यात आला आणि १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. पूर्वेकडचा अजून अमेरिकेचा आहे. तरी माणसं इकडून तिकडं जातात, लग्नं होतात, पोरं मावशीकडं राहून शिकतात. स्वतंत्र सामोआतून आलेली पुष्कळ कुटुंबं अमेरिकन सामोआत राहतात. माणूस बेटावर वाढला, मैदानावर घडला, पण खिशातल्या पुस्तिकेवर शिक्का दुसऱ्याचा. २०११ च्या ३० डिसेंबरला तर स्वतंत्र सामोआनं वाररेषाच ओलांडली, तो दिवस त्यांच्या कॅलेंडरात आलाच नाही. तेव्हापासून दोन्ही सामोआंत चोवीस तासांचं अंतर पडलंय. स्वतंत्र सामोआत रविवार असतो तेव्हा अमेरिकन सामोआत शनिवार.

हे वाचताना मला १९९४ चा जुलै आठवतो. मी तेव्हा एका शाळेत हेडक्लार्क होतो आणि संध्याकाळी आमच्या मंडळाची वही सांभाळायचो. चौदा वर्षांखालचा संघ स्पर्धेत घातला होता. पंधरा पोरं. त्यातली सात शिनोळी आणि आसपासची, म्हणजे चंदगड तालुक्यातली. शाळा बेळगावात, बाजार बेळगावात, दवाखाना बेळगावात, फक्त घर हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात. रोज सायकलनं यायची. स्पर्धेच्या पत्रकात एक ओळ होती, खेळाडू याच जिल्ह्याचा रहिवासी असावा. ती ओळ मी वाचली होती. शाळेचा बोनाफाईड जोडला की झालं, अशी समजूत करून घेतली आणि विचारायला गेलो नाही.

सामन्याच्या दिवशी टेबलावरच्या गृहस्थांनी अर्जांवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यांचा रहिवास कुठला?" पावसानं अर्जांच्या कडा ओल्या झालेल्या. सातही अर्ज त्यांनी बाजूला काढून माझ्यापुढं सरकवले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी वळून बघितलं तर पोरं बांधावर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. आमचा गोली शिनोळीचा होता. त्यानं हातमोज्यांना वरून सायकलची ट्यूब कापून शिवली होती, बॉल निसटू नये म्हणून. त्याला सांगितलं तर तो रडला नाही. मोजे काढून दुसऱ्या पोराच्या हातात घातले, मनगटाला गाठ मारून दिली आणि मला विचारलं, "मामा, आमचं गाव चुकलं काय?"

आठ पोरांनी आम्ही खेळलो. नऊ गोल बसले. परतीच्या वाटेवर कुणी मला काही बोललं नाही. ते नऊ गोल माझे आहेत, असं मी त्या दिवसापासून मानतो. पत्रकातली एक ओळ चार दिवस आधी जाऊन विचारली असती, तर आम्ही दुसऱ्या गटात नाव घातलं असतं, किंवा इथली आणखी पाच पोरं शोधली असती, किंवा निदान त्या पोरांना घरातून निघतानाच खरं सांगितलं असतं.

म्हणून सचिवसाहेब, तुमच्या ११-० ची चौकशी करताना आधी वही उघडा. समोरच्या संघातली पोरं खरंच चौदाखालची होती काय? तुमची किती पोरं परीक्षेमुळं किंवा शेतीच्या कामामुळं आली नाहीत? ड्रॉ कुणी काढला, तेव्हा तुम्ही हजर होता काय? यातलं जे तुमच्या हातात होतं ते एका पानावर लिहा.

ड्रॉचं मुद्दाम सांगतो, कारण ३१-० नंतर ओशनिया फुटबॉल महासंघानं, म्हणजे त्या भागातल्या देशांच्या आणि बेटांच्या संघटनेनं, पहिला बदल तिथंच केला. त्या सामन्यात हसू बेटाचं झालं असं लोकांना वाटतं, पण ऑस्ट्रेलियाचेही लोक म्हणू लागले की असले सामने ठेवायचेच कशाला. पुढच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला थेट दुसऱ्या फेरीत घातलं, बाकीचे दहा संघ आधी आपापसात खेळले. २००६ च्या १ जानेवारीपासून ऑस्ट्रेलिया ओशनिया सोडून आशियाई महासंघात गेला. २०११ मध्ये तर चार सगळ्यांत कमकुवत संघांची वेगळी पहिली फेरी ठेवली : अमेरिकन सामोआ, टोंगा, कुक बेटं आणि यजमान सामोआ. सामने सामोआच्या राजधानीत, आपियात. बरोबरीचा संघ समोर आला की पोराला आपण किती पाण्यात आहोत ते कळतं. ११-० मधून काहीच कळत नाही, समोरच्यालाही नाही. तुम्ही आयोजकांना पत्र लिहा, पहिल्यांदा भाग घेणाऱ्या मंडळांची प्राथमिक फेरी वेगळी ठेवा म्हणावं. एकट्यानं लिहू नका. चार गावच्या मंडळांच्या सह्या घ्या, पोच घ्या.

आणि ती दहा वर्षं? तिथं कसलाही चमत्कार झाला नाही. फिफात आल्यापासून एकही सामना जिंकलेला नाही, अशी अवस्था २०११ पर्यंत होती. मधे २००९ च्या सप्टेंबरात त्सुनामी आली, पागो पागो शहराची वाताहत झाली, तीसहून अधिक माणसं गेली. बेटावर अमेरिकन फुटबॉलचं, म्हणजे त्या अंडाकृती चेंडूच्या खेळाचं वेड मोठं, त्यामुळं धिप्पाड पोरं तिकडंच जातात. तरी संघटना चालू राहिली. प्रत्येक पात्रता फेरीत नाव गेलं, संघ गेला, हरून आला, पुन्हा नाव गेलं. तुमचं मंडळ बंद करा म्हणणाऱ्यांना हे सांगा. एकदा नाव काढून घेतलं की पुन्हा घालायला किती खेटे पडतात, ते ज्यानं घातलेत त्यालाच ठाऊक.

२०११ मध्ये अमेरिकेच्या महासंघाच्या मदतीनं थॉमस रोंगेन हे मूळचे डच प्रशिक्षक बेटावर आले. हाताशी तीन आठवडे होते. सालापू, तोच २००१ चा गोली, अमेरिकेतून परत आला. एकतीस गोल खाल्लेला माणूस दहा वर्षांनी पुन्हा त्याच जाळ्यापुढं उभा राहिला, ही मला त्या सगळ्या गोष्टीतली सगळ्यांत मोठी बाब वाटते. बचावात जाया साएलुआ होती. सामोआत फाआफाफिने म्हणतात, जन्मानं मुलगा पण बाईच्या वळणानं वाढलेली व्यक्ती. तिथल्या समाजात तिला पूर्वापार जागा आहे. विश्वचषक पात्रता सामन्यात उघडपणे खेळलेली अशी ती पहिलीच खेळाडू. संघटनेनं तिचं नाव यादीत घातलं, फिफानं घेतलं, ती खेळली. टोंगाविरुद्ध रामिन ऑटनं मध्यंतराच्या सुमारास पहिला गोल केला, शालोम लुआनीनं उत्तरार्धात दुसरा. शेवटी शेवटी टोंगानं एक परत केला, पण सालापूनं पुढं काही जाऊ दिलं नाही. २-१. मग कुक बेटांशी १-१, आणि सामोआविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत एक गोल खाऊन ०-१. म्हणजे पुढच्या फेरीत गेले नाहीतच. पण तीन सामन्यांत मिळून तीन गोल खाल्ले. कुठं सत्तावन्न आणि कुठं तीन, ते तुमच्या त्या पालकांना मोबाईलवर दाखवा.

शिनोळीचा तो गोली पुढं गावातल्या पोरांना खेळवायला लागला. दरवर्षी जून उजाडला की नोंदणीचे अर्ज घेऊन माझ्याकडं येतो, मी एकेक ओळ तपासून देतो.

प्रश्न : फिफाच्या निवडणुकीत भारताला एक मत आणि पंधरा-वीस हजार वस्तीच्या बेटालाही एकच मत, हे कसं? असल्या संघटनांना फिफा लाखो डॉलर देते म्हणे. मग भ्रष्टाचार होणारच की. — एक वाचक, निपाणी

फिफाचे २११ सभासद आहेत आणि प्रत्येकाला एक मत, हे खरं. कुक बेटांची वस्ती साधारण पंधरा हजार. आमच्या शहापूर-वडगावात त्याहून किती तरी जास्त माणसं राहतात. ओशनियाचे पूर्ण सभासद अकरा, म्हणजे अकरा मतं. मला स्वतःला ही पद्धत योग्य वाटते. वस्तीवर मतं वाटली तर लहानाचं म्हणणं कधी पटलावर यायचंच नाही. जिल्ह्याच्या सभेत खानापूरच्या मंडळाला एक आणि बेळगावच्या मोठ्या क्लबालाही एक, असंच आपणही मागतो ना?

पैशाचं म्हणाल तर २०२३ ते २०२६ या चार वर्षांसाठी प्रत्येक सभासद संघटनेला फिफा फॉरवर्ड योजनेतून ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. त्यातले ५० लाख रोजच्या कामकाजाला, ३० लाख मैदान-इमारतीसारख्या ठरावीक कामांना. लांब पडलेल्या, गरजू संघटनांना प्रवासासाठी आणि साहित्यासाठी वेगळे मिळतात. ते लागतातही. आपण कोल्हापूरला खेळायला निघालो तर एसटीनं दोन-अडीच तास. त्यांना शेजारी म्हणजे समुद्रापलीकडचा देश, आणि कुठं कुठं विमान आठवड्यातून मोजक्याच वेळा.

भ्रष्टाचार झालाय, आणि तो झाकून ठेवावा असं मला मुळीच वाटत नाही. ताहितीचे रेनाल्ड तेमारी ओशनियाचे अध्यक्ष होते. २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांचे यजमान ठरवायच्या कार्यकारी समितीच्या मतदानाआधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, फिफाच्या नीतिसमितीनं त्यांना एका वर्षासाठी निलंबित केलं. त्यांनी अपील केलं. अपील चालू असल्यामुळं त्यांच्या जागी दुसऱ्याला मत देता आलं नाही. त्यामुळं त्या एवढ्या मोठ्या निर्णयात सगळ्या ओशनियाचं मतच गेलं. नंतर पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्यांच्यावर आठ वर्षांची बंदी आली. त्यांच्यानंतर आलेले पापुआ न्यू गिनीचे डेव्हिड चुंग यांनी २०१८ मध्ये राजीनामा दिला. ऑकलंडमधल्या महासंघाच्या इमारतीच्या कंत्राटांवरून २०१९ मध्ये त्यांच्यावर साडेसहा वर्षांची बंदी आली.

पण हा बेटांचाच रोग आहे असं समजू नका. २०२२ च्या १५ ऑगस्टला, बघा तारीख, फिफानं आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. निवडणुका वेळेत झाल्या नव्हत्या, कोर्टानं प्रशासकांची समिती नेमली होती, आणि फिफाच्या नियमात बाहेरचा हस्तक्षेप बसत नाही. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्याकडं व्हायचा होता, तोही टांगणीला लागला. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. दीडशे कोटींच्या देशाचं अकरा दिवस हे असं.

मला यातून दिसतं ते इतकंच की मंडळ गावचं असो की महासंघ खंडाचा, खर्चाच्या पावतीवर दोघांच्या सह्या हव्यात आणि वार्षिक सभा ठरल्या महिन्यातच व्हायला हवी. ताळेबंद सूचना फलकावर लावा. आमच्या मंडळात आम्ही चहाचा खर्चही लिहून लावायचो. वर्गणी देणारा माणूस उभं राहून तो वाचतो, तेवढ्यानं पुष्कळ गोष्टी जाग्यावर राहतात.

प्रश्न : मी बेळगावात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही नऊ मुली संध्याकाळी फुटबॉल खेळतो. मैदानावर मुलांचे संघ असतात, आम्हाला कोपरा मिळतो, तोही रोज नाही. आम्हाला आमचं रीतसर मंडळ काढायचं आहे, पण सगळे म्हणतात, अकराही नाहीत तुम्ही. अगदी शून्यातून कुणी संघटना उभी केलीय का? — एक वाचक, टिळकवाडी

केलीय बाळ, आणि ती गोष्ट अगदी ताजी आहे. मार्शल बेटं हा देश संयुक्त राष्ट्रांचा सभासद, पण त्याला फुटबॉलचा राष्ट्रीय संघ नव्हता. जगातला तो असा शेवटचा देश म्हणून ओळखला जायचा. तिथल्या काही पालकांनी २०२० मध्ये संघटना काढली. हाताशी ना प्रशिक्षक, ना स्पर्धा, ना पंच. बाहेरून प्रशिक्षक मिळवला, शाळांतल्या पोरांपासून सुरुवात केली, जर्सी काढून ती जगभरच्या लोकांना विकली आणि त्यातून पैसा उभा केला. माजुरो या राजधानीत नवं स्टेडियम झालं, तेही समुद्राला अडवणारी भिंत बांधूनच. तिथली जमीन पाण्यापेक्षा जेमतेम वर आहे.

पहिला अकरा-अकरांचा सामना ते १४ ऑगस्ट २०२५ ला खेळले. कुठं? स्वतःच्या बेटावर नाही, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या स्प्रिंगडेल गावात. कारण कोंबडीच्या कारखान्यांत कामाला गेलेले हजारो मार्शलीज लोक तिथं राहतात. प्रेक्षक जिथं, तिथं सामना. अमेरिकन व्हर्जिन बेटांकडून ०-४ असे हरले. दोन दिवसांनी टर्क्स आणि कैकोसकडून २-३. म्हणजे देशाच्या दुसऱ्याच सामन्यात दोन गोल केले. फिफाचं सभासदत्व त्यांच्याकडं नव्हतंच, त्याची वाट बघत ते बसले नाहीत.

आता तुझं. कर्नाटकात संस्था नोंदणीचा १९६० चा कायदा आहे. त्याखाली संस्था काढायला कमीत कमी सात जण लागतात. तुम्ही नऊ आहात. अकरा लागतात मैदानावर, कागदावर सात पुरतात. हे त्या सगळ्यांना सांग. पहिल्या रविवारी एकीच्या घरी बसा. एक शंभर पानी वही आणा, लांब, रेघांची. पहिल्या पानावर तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावं, समोर प्रत्येकीची सही. खाली ठराव : मंडळाचं नाव हे, अध्यक्ष ही, सचिव ही, खजिनदार ही. सूचक कोण, अनुमोदक कोण. मग उद्देश लिहा, सोप्या भाषेत. ही वही तुमच्या मंडळाचा जन्मदाखला. ती हरवू देऊ नका, आणि मोबाईलवर फोटो काढलाय म्हणून निर्धास्त राहू नका.

सचिव तूच हो. पत्र तू लिहिलंयस, म्हणजे पत्र लिहायची सवय तुला आहे.

मैदानाचं दुखणं मोठं आहे, ते मी हलकं करून सांगत नाही. तुवालु नावाचा देश आहे, साधारण अकरा हजार वस्तीचा. फुनाफुती हे त्याचं मुख्य बेट इतकं चिंचोळं की सपाट मोकळी जागा म्हणजे विमानाची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं बांधलेली. संध्याकाळी ऊन उतरलं की पोरं-पोरी तिथंच खेळतात. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो, सगळे बाजूला होतात, विमान गेलं की पुन्हा खेळ. तुवालु फिफाचा सभासद नाही, ओशनियाचा सहयोगी सभासद आहे. तरी २००७ च्या दक्षिण प्रशांत क्रीडा स्पर्धेत, ज्या विश्वचषक पात्रतेत धरल्या होत्या, त्यांनी ताहितीला १-१ असं रोखलं. तीच ताहिती २०१२ मध्ये ओशनियाची विजेती झाली आणि पुढच्या वर्षी ब्राझीलमध्ये स्पेनसमोर उभी राहिली.

पण मला तुमच्यासाठी भोंग्याची व्यवस्था नकोय. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ हवीय. मंडळाची नोंदणी झाली की शिक्का करून घे आणि मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना अर्ज दे, "मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार ते सहा, मुलींसाठी." तोंडी विनंतीला उद्या या म्हणतात. आवक नंबर पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं नाही तर त्याच नंबरचा उल्लेख करून दुसरा अर्ज. अर्जाचा मसुदा करून संपादकांच्या पत्त्यावर पाठव, मी तपासून देतो. कन्नडमधूनही एक प्रत लागेल. वर्गातल्या मैत्रिणीकडून लिहून घे, म्हणजे दहावी खेळाडूही मिळेल.

प्रश्न : आमचं घर चंदगड तालुक्यात. मुलगा बेळगावात शिकतो आणि तिथल्या क्लबकडून खेळतो. आता कोल्हापूरच्या एका संघाचं बोलावणं आलंय. दोन्हीकडं खेळला तर चालेल काय? — एक पालक

नाही. नोंदणी एका वेळी एकाच क्लबची. भारतीय महासंघाची सीआरएस नावाची ऑनलाइन नोंदणी आहे, तिथं खेळाडूचं नाव एकदा चढलं की ते सगळीकडं दिसतं. बेळगाव कर्नाटक राज्य संघटनेखाली येतं. कोल्हापूर केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमार्फत मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखाली. म्हणजे तुमच्यासाठी हा दोन राज्यांमधला बदल आहे. आधी बेळगावच्या क्लबकडून लेखी ना हरकत घ्या, बदलाची मुदत कधी उघडते आणि कधी मिटते ते दोन्हीकडं विचारा, मगच कोल्हापूरला हो म्हणा. पेठेतली मंडळी प्रेमानं बोलावतात, सराव सामन्याला चल म्हणतात, पण नोंदणीचा सामना खेळण्याआधी कागद पुरा करा. मुलगा कुठला, असं कुणी त्याला विचारलं तर उत्तर त्याच्या खिशात असू द्या.

प्रश्न : अमेरिकन सामोआच्या त्या सामन्याचा निकाल काही ठिकाणी ३२-० दिलाय, काही ठिकाणी ३१-०. खरा कुठला? — इयत्ता आठवी, उचगाव

३१. मैदानावरच्या फलकावर ३२ लागले होते. गोल इतके होत होते की फलकावाल्याची मोजणी चुकली. सामना संपल्यावर पंचांनी आपली नोंद काढली, त्यात ३१ होते, तेच धरले. थॉम्पसनचेही आधी १४ सांगितले होते, ते १३ झाले. तुमच्या शाळेच्या सामन्यात गोल कोण लिहून घेतं ते सरांना विचार. कुणी घेत नसेल तर पुढच्या सामन्याला वही आणि दोन पेनं घेऊन रेषेजवळ तू बस. पावसात शाईचं पेन नको, बॉलपेन घे. मिनिट, गोल करणाऱ्याचा नंबर, आणि पास कुणी दिला तेही.